पोलीस प्रशिक्षणार्थ्यांना दोन तासांत फसवणुकीचा तपास काय शिकवावा?

गोदाकाठचा · सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी.

उभी नोकरी बँकेत गेली, परभणी, हिंगोली, नांदेड अशा शाखा फिरत. शेवटी शेवटी तपासणी विभागात होतो. बनावट सातबारे, मेलेल्या माणसाच्या सहीचं कर्ज, एकाच म्हशीवर तीन बँकांचा बोजा, सगळं पाहून झालंय. आता एका ओळखीच्या अधिकाऱ्यांनी गळ घातली आहे की प्रशिक्षण केंद्रात येऊन शिपायांच्या नव्या तुकडीला फसवणुकीच्या गुन्ह्यांवर दोन तास बोला. (मराठवाड्यात जालना आणि लातूरजवळचं बाभळगाव अशी दोन केंद्रं आहेत. कुठलं ते सांगत नाही, नाहीतर इथले चार जण पहिल्या रांगेत येऊन बसतील.)

नऊ महिन्यांचं प्रशिक्षण असतं. पहाटे पीटी, कवायत, हत्यारं हा बाह्यवर्ग. नंतर आंतरवर्गात कायदे, पंचनामे, ठाण्याचं कामकाज. माझे दोन तास जेवणानंतरचे आहेत. पंचवीसेक स्लाइड तयार आहेत: केवायसी, खातेउतारा कसा वाचायचा, चेकवरची खाडाखोड, आरटीजीएस आणि यूपीआयमधला फरक. सौ. म्हणतात, तिसऱ्या स्लाइडला सगळे झोपतील.

माझं मत असं आहे. चोरी-मारामारीत माणसांशी बोलावं लागतं, झडत्या घ्याव्या लागतात. फसवणुकीत कागद बोलतो. तो वाचता आला की माणूस काय म्हणतो याला फारशी किंमत उरत नाही. तेव्हा संवादकौशल्य दुसऱ्या कुणी शिकवावं, मी कागद शिकवतो. पटतंय का? आणि स्लाइडमध्ये काय असायलाच हवं?

बिनपाण्याची_विहीर · सोमवार, रात्री ९:२२

वहिनींशी सहमत.

निवृत्त_फौजदारमामा · सोमवार, रात्री १०:०५

साहेब, राग मानू नका, पण तुम्ही बँकेच्या काउंटरच्या आतून बघताय. बँकेत कागद आधी येतो. ठाण्यात माणूस आधी येतो, आणि तो कागद घरी लपवून आलेला असतो.

मी सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीतली बरीच वर्षं ठाणे अंमलदाराच्या खुर्चीत गेली. मारामारीतला माणूस ठाण्यात ओरडत येतो. फसवला गेलेला माणूस ओरडत नाही. तो बाहेर चिंचेखाली अर्धा तास थांबतो, मग मेव्हण्याला पुढं करतो. बायकोला माहीत नसतं, पोरीच्या लग्नाचे पैसे असतात. आत आल्यावर त्याला पहिलाच प्रश्न 'तुला अक्कल नव्हती का एवढे पैसे द्यायला?' असा गेला तर अर्धी हकीकत तो पोटातच ठेवतो. आणि जी अर्धी ठेवतो तीच पुढं लागते. कुणाकडून उसने घेतले, कुणासमोर दिले, पहिल्यांदा किती दिले आणि थोडे परत कधी मिळाले. (हे 'थोडे परत' फार महत्त्वाचं. गळाला लावायला आधी परतावा देतातच.)

दुसरं म्हणजे फिर्याद लिहिणं. आमच्या रायटर लोकांचं एक छापील वाक्य असतं: 'गोड बोलून माझा विश्वास संपादन करून वेळोवेळी रक्कम घेऊन फसवणूक केली.' झालं. काय गोड बोलला? कोणत्या तारखेला? कोण ऐकत होतं? कोणत्या शब्दावर ह्यानं खिशात हात घातला? ते कुठंच नाही. तुमच्या दोन तासांतला एक तास तरी ह्या वाक्यावर घालवा.

काळा_कोट_अंबाजोगाई · सोमवार, रात्री १०:४८

मामांनी आमच्या पोटापाण्याचं गुपित फोडलं. 'वेळोवेळी' हा शब्द फिर्यादीत दिसला की आरोपीच्या वकिलाचा निम्मा उलटतपास तयार असतो.

कायद्याच्या बाजूनं सांगतो. १ जुलै २०२४ पासून जुनं ४२० आता बीएनएस म्हणजे भारतीय न्याय संहितेचं ३१८(४) आहे आणि विश्वासघाताचं ४०६ आता ३१६ मध्ये आहे. लोक अजून चारशेवीसच म्हणतात, म्हणू द्या. मुद्दा असा की ३१८ ला सुरुवातीपासूनची लबाडी लागते. पैसे घेतानाच परत द्यायचे नव्हते, काम करायचंच नव्हतं, हे दिसलं पाहिजे. नुसता शब्द पाळला नाही एवढ्यानं फसवणुकीचा गुन्हा होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००० साली हृदयरंजन प्रसाद वर्मा प्रकरणात स्पष्ट केलंय. ३१६ मध्ये उलट असतं. माल किंवा पैसा विश्वासानं, कायदेशीरपणे हातात आला आणि नंतर नियत फिरली. म्हणजे एकाच रकमेबाबत, एकाच हकीकतीवर दोन्ही कलमं एकत्र बसत नाहीत.

तरी आपल्याकडच्या दर दुसऱ्या एफआयआरमध्ये ही जोडी नवरा-नवरीसारखी शेजारी बसलेली असते. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्ली रेस क्लबच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं यावर नाराजी दाखवली आणि देशभरातल्या पोलिसांना या दोन गुन्ह्यांतला फरक समजेल असं कायद्याचं प्रशिक्षण द्यायची वेळ आली आहे, असं म्हटलं. तेव्हा गोदाकाठचे साहेब, तुमचं लेक्चर वरूनच मंजूर आहे असं समजा.

आता तुमच्या मताबद्दल. सुरुवातीची लबाडी कुठल्याही खातेउताऱ्यात दिसत नाही. ती फिर्यादीच्या तोंडूनच काढावी लागते.

ट्रॅक्टरवाला_केज · सोमवार, रात्री ११:३०

वकीलसाहेब, मग मपलं सांगा. मी ऊस वाहतुकीला ट्रॅक्टर लावतो. दोन हंगामापूर्वी एका मुकादमाला तोडणी मजुरांची टोळी आणतो म्हणून उचल (आगाऊ पैसे) दिली, नोटरी केली, चेक घेतले. दसऱ्याला फोन बंद. गावाकडं गेलो तर म्हणे कर्नाटकात गेला. ठाण्यात गेलो तर साहेब म्हणले, 'हे देण्याघेण्याचं दिवाणी मॅटर हाय, कोर्टात जा.' कोर्टात गेलो तर वकील म्हणले, 'आधी ठाण्यात अर्ज द्या.' हंगाम गेला, ट्रॅक्टरचे हप्ते काही थांबले न्हाईत. कामून दिवाणी? पैसे तर नगद गेले ना?

काळा_कोट_अंबाजोगाई · मंगळवार, सकाळी ७:१५

भाऊ, तुमच्या मुकादमानं खरंच टोळी जमवली होती आणि ऐनवेळी मजूर फुटले, तर दिवाणी. पण त्याच्याकडं टोळीच नव्हती, किंवा तेच मजूर त्यानं तीन मालकांना दाखवले, तर पहिल्या दिवसापासूनची लबाडी. नोटरीसोबत मजुरांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स लावल्या असतील ना? त्या कुठं आहेत?

ट्रॅक्टरवाला_केज · मंगळवार, सकाळी ७:४०

हायत की कपाटात. बारा कोयत्यांच्या, म्हंजी तोडणी मजुरांच्या. आणि आता सांगतो, धारूरच्या एका ट्रॅक्टरवाल्याकडं पण तो गेला होता म्हणून कळलंय. ठाण्यात हे कुणी इचारलंच न्हाई.

निवृत्त_फौजदारमामा · मंगळवार, सकाळी ८:०२

हेच म्हणतोय मी. 'अजून कुणाला असं केलंय का?' हा एक प्रश्न. धारूरवाल्याच्या नोटरीला त्याच झेरॉक्स निघाल्या तर दिवाणी म्हणायला तोंड उरत नाही. कागद होता, पण विचारणारा नव्हता.

बांधावरची · मंगळवार, सकाळी ९:२६

मुकादमांचं चाललंय म्हणून मध्येच बोलते. माझे आई-वडील ऊसतोडीला जायचे. उचलीच्या ह्या भांडणात दुसरी बाजूही असते. मुकादम पळाला की मालक काही वेळा त्याच्या टोळीतल्या एखाद्या जोडप्याला धरून आणतो, लेकराबाळांसकट शेतातल्या खोलीत ठेवतो, 'पैसे फेडून जा' म्हणतो. त्यांनी ती उचल पाहिलेलीही नसते. वेठबिगारीचा कायदा १९७६ पासून आहे. अशा वेळी ठाण्यात गेलेल्या बाईला 'मुकादमाला घेऊन या' म्हणून परत पाठवलेलं मी पाहिलंय. फसवणुकीचा तपास शिकवताना झेरॉक्सवरच्या बारा माणसांनाही विचारायला शिकवा. त्यातल्या निम्म्यांना आपलं आधार कुठं लागलंय हे ठाऊकच नसतं.

ट्रॅक्टरवाला_केज · मंगळवार, सकाळी ९:५०

ताई, सगळे मालक तसले नसतेत.

बांधावरची · मंगळवार, सकाळी ९:५३

मी 'काही वेळा' लिहिलंय, दादा. आणि सगळे मुकादमही पळत नाहीत.

बिनपाण्याची_विहीर · मंगळवार, सकाळी १०:१०

धागा तापायला लागला. गोदाकाठचे साहेब, दुपारी दोनच्या लेक्चरला केज आणि धारूर दोन्ही पार्ट्या बोलवा. एक पोरगं झोपलं तर सांगा.

नव्या_बॅचची · मंगळवार, दुपारी १:३५

नमस्कार. माझं प्रशिक्षण अलीकडेच संपलं, आता ठाण्यात आहे. नाव-गाव विचारू नका.

सर, आतमध्ये काय शिकवतात ते थोडं सांगते, म्हणजे तुम्हाला परत तेच सांगावं लागणार नाही. झडती बऱ्यापैकी शिकवतात. एका खोलीत वस्तू लपवून ठेवतात, आम्ही शोधायच्या. घरात शिरण्याआधी आपली स्वतःची अंगझडती पंचांना द्यायची, म्हणजे नंतर 'पोलिसांनीच आणून ठेवलं' असं कुणी म्हणायला नको. खोली एका बाजूनं सुरू करून त्याच क्रमानं संपवायची. बाईची अंगझडती बाईनंच, आडोशाला, तिचा मान राखून. वॉरंट नसताना झडती घ्यायची तर कारण आधी लेखी नोंदवायचं (बीएनएसएस म्हणजे नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८५), आणि त्याची प्रत ४८ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे गेली पाहिजे. नव्या कायद्यात कलम १०५ नं झडती-जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रीकरण बंधनकारक झालंय, मोबाइलवर चालतं. त्यासाठी ई-साक्ष्य ॲप आहे.

बोलण्याचं मात्र तितकं नाही. 'सॉफ्ट स्किल'चे तास होते. डोळ्यात बघून बोला, हसतमुख राहा वगैरे. ठाण्यात पहिल्याच आठवड्यात एक म्हातारे गृहस्थ आले आणि काय झालं विचारलं तर फक्त रडत राहिले. हसतमुख राहून काय करणार? एका निदेशकांनी मात्र आम्हालाच फिर्यादी बनवलं होतं. एकीनं फसलेली बाई व्हायचं, दुसरीनं लिहून घ्यायचं. लिहून झालं की फिर्यादी झालेलीनं वर्गापुढं सांगायचं, 'मी काय काय बोलले जे ह्यात आलंच नाही.' मुलं आधी खी-खी करत होती, नंतर गप्प झाली. तो तास मला अजून उपयोगी पडतो. तुमच्याकडे दोन तास असतील तर हेच करा.

काळा_कोट_अंबाजोगाई · मंगळवार, दुपारी २:२०

मॅडम, चित्रीकरणाबद्दल दोन शब्द, कारण कोर्टात आता यावरच मारामारी होणार आहे. झडती चालू असताना मध्येच रेकॉर्डिंग बंद होऊन दहा मिनिटांनी सुरू झालं, आणि त्या दहा मिनिटांत कपाटातून वस्तू निघाली असेल, तर ते रेकॉर्डिंग नसतं तर बरं असं सरकारी वकिलाला वाटेल. फोनची बॅटरी आणि जागा बघून निघायचं, एवढी साधी गोष्ट आहे.

पंच हा तर आपला जुना रोग. कायदा म्हणतो, त्या भागातले दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी (बीएनएसएस १०३). प्रत्यक्षात ठाण्यासमोरचा चहावाला. एकाच पंचाची सही पाच प्रकरणांत निघाली की त्याला 'सराईत पंच' म्हणून आम्ही सोलतो. पंच फितूर झाला म्हणून झडती आपोआप बुडत नाही, तपासी अंमलदाराची साक्ष विश्वासार्ह असली तर कोर्ट ती धरतं. पण मग त्या अंमलदाराला त्या दिवशीचं सगळं नीट सांगता आलं पाहिजे. म्हणजे पुन्हा बोलणंच.

नांदेडचा_पुण्यात · मंगळवार, दुपारी ३:०५

फसवणुकीच्या झडतीत काय शोधायचं हेही शिकवा. तलवार शोधायची सवय असलेला माणूस ऑफिसात शिरतो आणि सीपीयू उचलून आणतो, कधी कधी नुसता मॉनिटर! (मॉनिटरवाली गोष्ट ऐकीव आहे, पण मला खरी वाटते.) चालू संगणकावर 'जरा बघू' म्हणून क्लिक करत बसायचं नाही. मोबाइल एअरप्लेन मोडवर. सिमकार्डांची पुठ्ठ्याची वेष्टनं, दुसऱ्यांच्या नावाची पासबुकं, कोरे सही केलेले चेक, रबरी शिक्के, वह्या. आणि भिंतीवर चिकटवलेला वायफायचा पासवर्डसुद्धा.

जप्त फायलीचा हॅश (फाईल बदलली की बदलणारा, तिच्या ठशासारखा आकडा) जागेवरच काढून पंचनाम्यात लिहायचा. नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात तो लागतो. जुनं ६५ब म्हणजे हेच.

आणि सायबर. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार जितकी लवकर जाईल तितकी रक्कम पुढच्या खात्यांत अडकवता येते. भाड्यानं घेतलेल्या खात्यांतून पैसा तासाभरात पाच-सात ठिकाणी फुटतो. म्हणून रात्री अकराला आलेल्या माणसाला 'उद्या सकाळी साहेब आल्यावर या' म्हणणं म्हणजे चोराला रात्रभराची मुभा देणं. हद्द आमची नाही हे कारणही आता चालत नाही, झिरो एफआयआर कायद्यातच आलाय. माझ्या मावशीला 'डिजिटल अटक' झाली होती, व्हिडिओ कॉलवर खाकीतला माणूस. तिला घाम फुटलेला आणि आजूबाजूला कुणी नाही. असली अटक कुठल्याच कायद्यात नाही, हे तिला कळलं तेव्हा पैसे गेले होते. पण ठाण्यातल्या पोरीनं तिला आधी खुर्ची दिली, मग व्यवहाराचा यूटीआर नंबर शोधून देत १९३० ला फोन लावून दिला. थोडे पैसे अडकले. कोणतं ठाणं ते लिहीत नाही, उगाच तिच्यावर काम वाढेल.

तांड्यावरचा_मास्तर · मंगळवार, सायंकाळी ६:४०

झडतीबद्दल नव्या बॅचच्या ताईंनी लिहिलेलं छान आहे. ते पक्क्या घरांना लागू असतं असा माझा अनुभव.

मी बंजारा. शाळा पारधी वस्तीजवळची. तिकडं झडती पहाटे येते. आधी कोण, कशासाठी हे सांगणं नाही. ज्वारीचं पोतं ओतून बघतात, पीठ मातीत जातं, पालातली (कापडी झोपडीतली) माणसं उठून रांगेत. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण कुठं चोरी झाली की पहिली गाडी त्याच पालांकडं वळते. तिथं पंच कोण असतो? शेजारच्या गावचा, ज्याला ती वस्ती उठवायचीच आहे असा. 'स्वतंत्र आणि प्रतिष्ठित'.

माझं म्हणणं, प्रशिक्षणात झडतीची ती नकली खोली असते तसं एकदा नकली पालही असावं. आणि आमच्या गोरमाटीतली चार वाक्यं, पारधी बोलीतली चार वाक्यं शिकवावीत. 'घाबरू नका, आम्ही अमुक शोधतोय, लेकरांना बाजूला घ्या.' एवढंच.

निवृत्त_फौजदारमामा · मंगळवार, रात्री ८:१५

मास्तर, पोतं ओतणं चूक. पण एक सांगतो, पोत्यात दागिने सापडलेलेही मी पाहिलेत, आणि पहाटे नाही गेलं तर माणूस हाती लागत नाही. वरून दबाव असतो, रिकव्हरी दाखवा म्हणून. झडती घेऊच नये असं कसं म्हणता येईल?

तांड्यावरचा_मास्तर · मंगळवार, रात्री ८:३२

मामा, घेऊ नये असं कुठं लिहिलंय मी? चादर अंथरून तिच्यावर पोतं ओतता येतं की नाही?

निवृत्त_फौजदारमामा · मंगळवार, रात्री ८:४१

येतं.

शिकस्ता · मंगळवार, रात्री ९:२०

गोदाकाठचे साहेब कागद शिकवणार आहेतच, तर आपल्या भागाचा कागद शिकवा. यूपीआय तर सगळ्या देशाचं आहे. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाकडं होता. जमिनीचे जुने कागद उर्दूत, साल फसली, म्हणजे तेव्हाचं महसुली साल. इनामाच्या, देवस्थानाच्या, वक्फच्या जमिनींचे खोटे व्यवहार बहुतेक ह्याच कागदांच्या आडोशानं होतात, कारण वाचणारे उरले नाहीत. फसली सनात साधारण ५९० मिळवा, म्हणजे फसली १३५८ हे १९४८-४९ आलं. महसुलाचं खासरा पत्रक १९५४-५५ चं. जुन्या हक्काचा कुठलाही दावा त्याच्याशी पडताळून बघावाच लागतो.

प्रशिक्षणार्थ्यांना एक मजेशीर खेळ द्या. जालना जिल्हा १ मे १९८१ ला झाला, लातूर १६ ऑगस्ट १९८२ ला, हिंगोली १ मे १९९९ ला. आता १९७४ च्या एखाद्या संमतीपत्रावर 'जि. जालना' असं छान टाईप केलेलं दिसलं, तर पुढं काय वाचायचं? मात्र नंतर काढलेल्या नकलेवर, शिक्क्यात नवा जिल्हा येऊ शकतो. मूळ मजकूर आणि नकलेचा शिक्का वेगळे बघायला शिकवा, नाहीतर पोरं खऱ्या कागदालाही खोटं ठरवतील.

गोदाकाठचा · मंगळवार, रात्री ९:३१

शिकस्ता, हे फार भारी! पुढच्या काळात २०१० च्या कागदावर 'धाराशिव जिल्हा' लिहून कोणीतरी सापडणारच.

लोखंडी_सावरगावकर · मंगळवार, रात्री १०:१२

अवांतर: माझी आजी 'पोलिस ॲक्शन'च्या (१९४८ ला निजामाचं राज्य संपवणाऱ्या कारवाईच्या) आधी जन्मली की नंतर, यावरून घरात तिचं वय ठरायचं.

ठेवीदार_काकू · बुधवार, सकाळी १०:४५

बीडकडच्या एका मल्टिस्टेट सोसायटीत आमच्या दोघांची पेन्शनची रक्कम अडकली आहे. नाव घेत नाही, प्रकरण चालू आहे. ठेवीदारांसाठी १९९९ चा एमपीआयडी कायदा आहे आणि त्याखाली संचालकांची मालमत्ता जप्त होते, एवढं आता गल्लीतल्या सगळ्या बायकांना पाठ झालंय.

मला सांगायचंय ते वेगळंच. एका ठिकाणी आम्हाला चारशे माणसांच्या रांगेत उन्हात उभं केलं आणि 'ओरिजिनल पावत्या द्या' म्हणाले. पोच नाही, काही नाही. यजमानांनी दिली नाही, तर त्यांना झापलं. नंतर दुसरा एक तरुण अधिकारी आला. त्यानं गाववार टेबलं लावली, पावत्यांच्या झेरॉक्स मूळ पावतीशी ताडून घेतल्या, मूळ लागेल तेव्हा रीतसर जप्त करू म्हणाला. यजमानांना अर्धांगवायू झालेला आहे कळल्यावर घरी आला. म्हणाला, साठ वर्षांवरच्या माणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचंच नसतं, बायकांनाही नाही. आम्हाला हे माहीतच नव्हतं. पैसे अजून एक रुपया मिळालेला नाही. पण त्याला आम्ही सगळं सांगितलं, एजंटचं नावसुद्धा. एजंट माझा चुलतभाऊ आहे. पहिल्या साहेबांना मी ते सांगितलं नसतं.

काळा_कोट_अंबाजोगाई · बुधवार, सकाळी ११:२०

काकू, त्या अधिकाऱ्यानं सांगितलेलं बीएनएसएस १७९ मध्ये आहे. आपण होऊन जायचं असेल तर जाता येतं, पण सक्ती नाही. अपंग आणि गंभीर आजारी माणसांनाही ते लागू होतं.

सगळं_खोटंय · बुधवार, दुपारी १२:५०

वाचतोय केव्हाचा. शिकवा, खूप शिकवा. ठाण्यात हजर झाल्यावर पहिल्या आठवड्यात कुणीतरी सीनियर सांगणार, 'ट्रेनिंगमधलं विसर, इथं असं चालतं.' मग गणपती, मग मोर्चा, मग निवडणूक, मग कुणा मंत्र्याचा दौरा. फसवणुकीची फाईल कपाटात. बंदोबस्तातला पोलीस खातेउतारा कधी वाचणार?

नव्या_बॅचची · बुधवार, दुपारी २:१५

सगळं खोटं नाही हे. 'विसर' असं मलाही सांगितलं गेलं. पण ज्यांनी सांगितलं तेच हवालदार साहेब आता बँकेचा उतारा आला की माझ्याकडं सरकवतात. मला एक्सेल येतं म्हणून. बंदोबस्ताचं मात्र शंभर टक्के खरं आहे. हे मी बंदोबस्तावरूनच लिहितेय.

बिनपाण्याची_विहीर · बुधवार, दुपारी २:१८

ताई, फोन खिशात ठेवा, साहेब बघायलेत!

गोदाकाठचा · बुधवार, रात्री ९:००

मंडळी, आभार. पंचवीसच्या सहा स्लाइड राहिल्या. आता असं ठरवतोय.

पहिला तास फिर्याद. एकीला ट्रॅक्टरमालक करायचं, एकाला ठाणे अंमलदार. 'गोड बोलून' आणि 'वेळोवेळी' हे शब्द वर्गात बंद. लिहून झाल्यावर फिर्यादीनं काय राहिलं ते सांगायचं. मग तीच घटना बारा कोयत्यांपैकी एकीच्या तोंडून लिहायची. दुसऱ्या तासात टेबलावर कागदांचा गठ्ठा: दोन नोटऱ्या, त्याच आधारच्या झेरॉक्स, एक खातेउतारा, एक १९७४ चं 'जि. जालना'वालं संमतीपत्र. जोड्या लावा आणि पुढं कुणाला काय विचाराल ते लिहा. कागद बोलतो हे माझं मत मी सोडलेलं नाही, पण आधी बसून कुणाला विचारायचं ते ठरवल्याशिवाय तो काढायचा नाही, एवढी दुरुस्ती मान्य.

वकीलसाहेब, एक शंका. फिर्यादी 'मपलं', 'कामून' असं बोलला तर तसंच लिहायचं, की प्रमाण मराठीत?

काळा_कोट_अंबाजोगाई · बुधवार, रात्री ९:३५

बोली तशीच्या तशी लिहिलीच पाहिजे असा नियम नाही, पण आरोपीच्या ज्या वाक्यावर फिर्यादी भुलला ते वाक्य त्याच्याच शब्दांत, अवतरणात ठेवा. 'पैसे बुडाले तर माझी दोन एकर तुझ्या नावावर करतो' असं तो म्हणाला असेल तर 'विविध आमिषे दाखवून' लिहू नका. एफआयआर वाचून दाखवायचा, मगच सही, आणि प्रत फुकट द्यायची. साक्षीदारांच्या जबाबावर मात्र सही घ्यायची नसते (१८१). नवी पोरं हौसेनं अंगठे घेऊन ठेवतात, ते सांगा. आणि वाचून दाखवताना भराभरा नको. ऐकणाऱ्याला मध्ये थांबवता आलं पाहिजे.

तांड्यावरचा_मास्तर · बुधवार, रात्री ९:५०

ट्रॅक्टरमालकाऐवजी एखादी फिर्यादी गोरमाटी बोलणारी ठेवून बघा. लिहिणाऱ्याला कळलं नाही तर तो काय करतो ते बघण्यासारखं असेल.

गोदाकाठचा · बुधवार, रात्री ९:५८

मास्तर, त्यासाठी तुम्हीच चला माझ्यासोबत. खरंच म्हणतोय.

आणि केजचे दादा, तुमच्या नोटरीची आणि त्या बारा आधारांची झेरॉक्स सरावासाठी मिळेल का?

ट्रॅक्टरवाला_केज · बुधवार, रात्री १०:३०

देतो की. धारूरवाल्याची पण मिळवतो, आज बोललो त्याच्याशी. त्याच्याकडं नऊ कोयते आहेत, त्यातले सात मपलेच निघाले. वकीलसाहेब, उद्या दोघं मिळून अर्ज घेऊन जावं म्हणतो. आणि पोरांना द्यायच्या झेरॉक्सवर मुकादमाचं नाव खोडू का ठेवू?

काळा_कोट_अंबाजोगाई · बुधवार, रात्री १०:३४

पोरांच्या प्रतीवर खोडा, मजुरांची नावं आणि आधार नंबरही खोडा. ठाण्यात न्यायच्या अर्जावर ठळक लिहा. अर्जाची पोच घेतल्याशिवाय बाहेर येऊ नका.